संकल्पनविचाराचे अध्यापन आणि मूल्यमापन : किर्लोस्करांच्या नांगराच्या अनुषंगाने

प्रस्तावना

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीबरोबर पदवी अभ्यासक्रमांत कौशल्याधारित श्रेयांकांना स्थान मिळाले आणि 'डिझाइन थिंकिंग' हा शब्द अभियांत्रिकी व व्यवस्थापन महाविद्यालयांच्या आवारातून कला आणि वाणिज्य शाखांच्या अभ्यासमंडळांपर्यंत येऊन पोहोचला. या विषयाची चर्चा निघाली की श्रेयांक किती, तासिका कोणाकडे, अंतर्गत गुण किती आणि बहिःस्थ किती, याच प्रश्नांवर वेळ जातो. असा विचार मुळात शिकविता येतो काय, येत असल्यास त्यातील कोणता भाग वर्गात शिकविता येतो, आणि तो विद्यार्थ्याच्या ठायी आला की नाही हे ठरवायचे कसे, हे प्रश्न मात्र बाजूला राहतात. प्रस्तुत निबंधात या प्रश्नांचा विचार सातारा-सांगली परिसरातील एका ऐतिहासिक उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. ते उदाहरण म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे शिक्षण, त्यांचा लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडीचा कारखाना.

'संकल्पचित्र' या शब्दाविषयी

आज प्रचारात असलेली सहवेदना, प्रश्नाची मांडणी, कल्पनानिर्मिती, नमुना आणि चाचणी ही पाच पायऱ्यांची शिडी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संकल्पन-शाळेने या शतकाच्या पहिल्या दशकापासून लोकप्रिय केली. तिच्यामागील विचार जुना आहे. हर्बर्ट सायमन यांनी १९६९ मध्ये मानवनिर्मित गोष्टींच्या शास्त्राची मांडणी केली. १९८२ मध्ये नायजेल क्रॉस यांनी संकल्पन ही विज्ञान आणि मानव्यविद्या यांच्या जोडीची तिसरी ज्ञानपद्धती असल्याचे प्रतिपादन केले. पुढच्याच वर्षी डोनाल्ड शॉन यांनी कुशल व्यावसायिक काम करता करताच विचार कसा करतो याचे विवेचन केले. ही सर्व नावे आपल्या अभ्यासक्रमांच्या संदर्भसूचीत येतात. आपल्या भाषेत या विषयासाठी शंभरांहून अधिक वर्षांचा एक अनुभव जमा झालेला आहे, त्याची नोंद मात्र कोठे होत नाही.

मराठीत 'डिझाइन'ला शासकीय व्यवहारात रूढ शब्द आहे 'संकल्पचित्र'. सार्वजनिक बांधकाम विभागात पुलांचे व इमारतींचे आराखडे करणारे संकल्पचित्र मंडळ आहे, नाशिकला धरणांसाठी मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना आहे. आणि हाच शब्द एलिमेंटरी व इंटरमीडिएट या शासकीय रेखाकला परीक्षांच्या एका प्रश्नपत्रिकेचेही नाव आहे. दिलेल्या भौमितिक आकृतीत फुले, पाने, पक्षी यांची मांडणी करून रंग भरावयाचे, अशी ती प्रश्नपत्रिका. धरणाचा आराखडा आणि शाळकरी मुलाने वर्तुळात बसविलेले कमळ यांना एकच शब्द वापरला जातो, यात केवळ भाषेचे दारिद्र्य आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. दोन्हींच्या मुळाशी एकोणिसाव्या शतकातील एक शिक्षणपद्धती आहे. महाराष्ट्रात संकल्पनाचे मूल्यमापन नव्याने सुरू होत आहे, हा समज म्हणूनच दुरुस्त करावयास हवा. ते कित्येक पिढ्या चालू आहे, फक्त आपण त्याला चित्रकलेचा तास म्हणत आलो.

शाळेपूर्वीचे संकल्पन

त्या पद्धतीकडे वळण्यापूर्वी वाईतील एका भिंतीचा उल्लेख आवश्यक आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये कृष्णेच्या घाटावर बांधविलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागील बाजू सपाट नाही. ती मत्स्याकार, टोकाशी निमुळती आहे. पुराचे पाणी त्या टोकावर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावे आणि देवळावरचा दाब कमी व्हावा, हा तिचा हेतू. पुलाच्या खांबांना प्रवाहाच्या बाजूने जे टोक काढतात, त्यामागेही हेच तत्त्व असते. येथून जवळच लिंब गावी १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधविलेल्या विहिरीवर एका वेळी बारा मोटा चालविण्याची सोय होती. अशा रचना करणाऱ्या गवंड्यांना संकल्पन अवगत होते, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ते ज्ञान बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून शागिर्दाकडे, हाताखाली काम करता करता जात असे. त्याची परीक्षा दर पावसाळ्यात होई. परंतु ज्यांनी ती भिंत योजली त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, बांधविणाऱ्याचे नाव तेवढे राहिले. या परंपरेचे गोडवे गाताना तिचे दार जन्माने नेमून दिलेले होते, हेही विसरता येत नाही. गवंड्याच्या मुलाला ते उघडे होते, इतरांना बहुधा बंद.

रेखांकनाची शाळा

मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झाले. त्यामागे लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनानंतर हेन्री कोल यांच्या नेतृत्वाखाली आकाराला आलेल्या साऊथ केन्सिंग्टन पद्धतीचा आदर्श होता. उद्योगातील वस्तूंची रचना सुधारावयाची असेल तर कारागिराला रेखांकन आले पाहिजे आणि रेखांकन क्रमाक्रमाने शिकविता येते, ही त्या पद्धतीची श्रद्धा. आधी सरळ रेषा, मग भौमितिक आकृत्या, मग सपाट नमुन्यावरून नक्कल, मग घनवस्तू, आणि सर्वांत शेवटी स्वतःची रचना. प्रत्येक टप्प्याला परीक्षा. आपल्या ग्रेड परीक्षांचा सांगाडा याच पद्धतीतून आलेला आहे.

या पद्धतीवर बरीच टीका झाली आहे आणि ती बहुतांशी रास्त आहे. तिने नकलेला शिस्त मानले. कारागिरांच्या मुलांसाठी म्हणून काढलेल्या वर्गांत लिहित्या-वाचत्या घरांतील मुले आली आणि हातात हत्यार धरणारा लेखणीपासून दूरच राहिला. तथापि तिने एक गोष्ट निश्चितपणे केली. मनातील वस्तू कागदावर अशी उतरविता येते की ती दुसऱ्याला वाचता यावी, मोजता यावी आणि मूळ माणूस हजर नसतानाही घडविता यावी, ही विद्या तिने जातीच्या कुंपणाबाहेर काढली. ज्याच्या घरात कोणी लोहारकाम केले नव्हते त्यालाही आता लोखंडाविषयी विचार करण्याची भाषा मिळू शकत होती.

लक्ष्मणराव किर्लोस्करांना ती मिळाली. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे २० जून १८६९ रोजी जन्मलेला हा मुलगा चित्रकार होण्यासाठी १८८५ मध्ये जे. जे. मध्ये दाखल झाला. काही काळाने त्यांना अंशतः रंगांधता असल्याचे लक्षात आले आणि रंगांची वाट बंद झाली. ते यांत्रिक आरेखनाकडे वळले. पुढे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते याच विषयाचे सहायक शिक्षक झाले. तेथील यंत्रशाळेमुळे कागदावरची रेषा आणि लोखंडाची कड यांत किती अंतर असते, हे त्यांना हाताने कळले. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलण्यात आले आणि ते नोकरी सोडून बेळगावला परतले. तेथे किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान १८८८ पासून चालू होते. सायकली विकणे, गिऱ्हाइकाला त्या चालवावयास शिकविणे आणि मोडल्या की दुरुस्त करणे असा तो व्यवसाय. आजच्या परिभाषेत ज्याला वापरकर्त्याचा अभ्यास म्हणतात तो त्या दुकानाच्या ओट्यावर रोज आपोआप होत असणार.

येथपर्यंतच्या वृत्तांतात दोन मूल्यमापने झाली. डोळ्यांनी एका परीक्षेत त्यांना बाद केले, संस्थेने दुसरीत. दोन्ही निकालांचा पुढच्या कर्तृत्वाशी काही संबंध लागत नाही. परंतु यावरून परीक्षा व्यर्थ असतात असा सोयीस्कर निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही. जे. जे. च्या वर्गात शिकविलेले आरेखन, जे खरोखर शिकविण्याजोगे आणि तपासण्याजोगे होते, ते त्यांच्याजवळ शेवटपर्यंत राहिले आणि उपयोगी पडले.

नांगर आणि शेतकऱ्याचा निकाल

कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर ही किर्लोस्करांची आरंभीची उत्पादने. नांगर १९०३ च्या सुमारास तयार झाला. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, हे प्रसिद्ध आहे. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, असे त्याचे कारण सर्वत्र सांगितले जाते. ही हकीकत उद्योजकाच्या चिकाटीचा आणि शेतकऱ्याच्या अज्ञानाचा दाखला म्हणून भाषणांत वापरली जाते. तिच्याकडे थोडे थांबून पाहावयास हवे.

लाकडी नांगरालाही फाळ लोखंडाचाच असतो. पिढ्यान्पिढ्या लोखंडाचा फाळ जमिनीत घालणारा शेतकरी लोखंडाला केवळ विषाच्या भीतीने भ्यावा, हे पुरेसे स्पष्टीकरण वाटत नाही. बाभळीचा नांगर गावातला सुतार बांधून देई आणि दुरुस्त करी. फाळ गावचा लोहार शेवटून देई. दोघांची मजुरी बलुत्याच्या रूपाने, सुगीला धान्यात जाई. लोखंडी नांगर घ्यावयाचा तर रोख पैसा हवा. त्याचा ओतीव भाग ऐन नांगरटीत तडकला तर तो गावात जोडता येत नाही, आणि बेळगावहून सुटा भाग येईतो रान वाळून कठीण होते. म्हणजे शेतकरी नकार देत होता तो वस्तूला जितका, तितकाच ती वस्तू ज्या व्यवस्थेत येणार होती तिच्या अभावाला. विषाची गोष्ट हा त्या नकाराचा एक बोलका, परंतु अपुरा उच्चार असावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नांगराच्या बाजूनेही बोलले पाहिजे. जुना नांगर माती फाडतो, परंतु उलटत नाही. काळ्या रानात त्याला कित्येकदा चार-पाच बैलजोड्या जुंपाव्या लागत आणि हरळीसारख्या खोल मुळांच्या तणापुढे तरीही हार खावी लागे. नव्या नांगराचा फाळ मातीची वडी आडवी कापतो आणि त्यामागचा वक्र पत्रा ती वडी पालथी घालतो, त्यामुळे तणाची मुळे उन्हाला पडतात. हा वक्र कागदावर काढता येतो, परंतु तो बरोबर आहे की नाही हे कागद सांगत नाही. इंग्लंडातल्या ओल्या मऊ जमिनीसाठी केलेला वक्र दख्खनच्या चिवट मातीत तसाच चालेल याची खात्री नसते. बैलांची ओढ, जुवाची उंची, नांगऱ्याच्या हाताचे वजन, सगळे वेगळे. या नांगराला खरी प्रश्नपत्रिका रानात मिळाली आणि तिचा परीक्षक लेखी शेरा देणारा नव्हता. नांगर पडून राहिला हाच त्याचा शेरा.

किर्लोस्करवाडी : संकल्पनाची कार्यशाळा

बेळगावच्या वस्तीविस्तारात कारखान्याची जागा गेली तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची निवडुंगाने भरलेली बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. १० मार्च १९१० रोजी वाडीचा आरंभ झाला. आज हे गाव सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, ही गोष्ट या संदर्भात अगदीच अप्रस्तुत नसावी. ज्याला स्वतः रेखाटनाची सवय आहे त्याला दुसऱ्याच्या कागदावरची न घडलेली वस्तू दिसण्याची शक्यता अधिक.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने वाडीचे महत्त्व तेथील माणसांत आहे. लक्ष्मणरावांना जन्मजात प्रतिभेचे मानले तर हे उदाहरण निरुपयोगी ठरते, कारण प्रतिभावंताला कोणतीही शाळा चालते. परंतु त्यांच्याबरोबर शंभूराव जांभेकर होते, ज्यांच्यावर यंत्रांची जबाबदारी होती. अनंतराव फळणीकर होते. त्यांचे शालेय शिक्षण अर्धवट सुटले होते आणि तेच पुढे वाडीचे कल्पक अभियंता म्हणून ओळखले गेले. शाळेने ज्याला सोडले किंवा ज्याने शाळा सोडली, त्याच्यात कारखान्यात ही दृष्टी विकसित झाली. कशामुळे? ओतशाळा, सुतारशाळा, आरेखनाचा टेबल आणि परत आलेला मोडका भाग हे सारे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर होते, हे एक उत्तर संभवते. साच्यातील चूक ओतीव भागात उतरलेली पाहावयास वेळ लागत नसे. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला तेव्हा संस्थानांतील निकामी तोफा वितळविण्यापर्यंत मजल गेली. अशा अडचणीत पर्याय शोधण्याची सक्ती सर्वांवर सारखीच होती.

दुसरे उत्तर परतीच्या वाटेचे आहे. कारखान्याची माणसे नांगर घेऊन गावोगाव जात. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी काही काळ किर्लोस्करांचे विक्रेते म्हणून काम केले, हे सर्वश्रुत आहे. औपचारिक शिक्षणात स्वतः मागे पडलेल्या, परंतु शेतकऱ्याच्या बांधावर बसून त्याच्या भाषेत बोलू शकणाऱ्या माणसाने या मालाबरोबर काय पोहोचविले आणि परत काय आणले, याचा स्वतंत्र अभ्यास होण्याजोगा आहे. १९१९ मध्ये त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिच्या 'कमवा आणि शिका' या सूत्रात हात आणि डोके एकत्र ठेवण्याचा जो आग्रह आहे, त्याचा उगम शोधताना सत्यशोधक परंपरेबरोबर कारखान्याच्या या वर्षांकडेही पाहिले जावे.

येथे एक मर्यादा नमूद केली पाहिजे. वाडीविषयीची आपली माहिती मुख्यतः घराण्यातील आणि कारखान्यातील व्यक्तींच्या आठवणींतून आलेली आहे. ज्यांना तेथे काही शिकता आले नाही, जे ओतशाळेत आयुष्यभर वाळूच दाबत राहिले, त्यांच्या आठवणी कोणी छापल्या नाहीत. लोखंडी नांगरामुळे ज्या सुतारांचे बलुते आटले असेल त्यांनाही या वृत्तांतात जागा नाही. फळणीकरांचे उदाहरण म्हणून इतकेच सिद्ध करते की ही दृष्टी शाळेबाहेर विकसित होऊ शकते. ती कारखान्यात सर्वांच्या ठायी विकसित होते, असे नव्हे.

आजचा अभ्यासक्रम

लक्ष्मणरावांचे जन्मशताब्दी वर्ष १९६९. त्याच वर्षी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत औद्योगिक संकल्पन केंद्र सुरू झाले. त्यापूर्वी चार्ल्स व रे ईम्स यांच्या १९५८ च्या अहवालातून प्रेरणा घेऊन १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय संकल्पन संस्था उभी राहिली होती. या संस्थांनी कार्यशाळेला अध्यापनाचे केंद्र मानले. त्यांच्याकडे त्यासाठी जागा, हत्यारे, थोडे विद्यार्थी आणि वेळ होता. पदव्युत्तर संकल्पन शिक्षणाच्या सीड या प्रवेशपरीक्षेतही संगणकावरील भागाबरोबर हाताने रेखाटण्याचा भाग ठेवावा लागतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आपल्या महाविद्यालयांत हाच विषय दोन श्रेयांकांत, मोठ्या वर्गात आणि पर्यायी प्रश्नांच्या साहाय्याने घेतला गेला, तर विद्यार्थी पाच पायऱ्यांची नावे क्रमाने सांगेल. साऊथ केन्सिंग्टनच्या परीक्षकाने निदान त्याच्याकडून रेषा तरी काढून घेतली असती.

प्रस्तुत लेखकाने इतिहासाच्या विद्यार्थ्यांबरोबर एक लहानसा प्रयोग करून पाहिला. ढोल्या गणपतीच्या मागील भिंतीचे रेखाटन करावयास सांगितले, तेही तीन वेळा. प्रथम जशी दिसते तशी, नंतर पुराचे पाणी कोठून येते आणि कोठे जाते हे दाखवून, आणि शेवटी हीच भिंत आज बांधावयाची झाल्यास तिच्यात काय बदलाल हे दाखवून. पहिल्या कागदावर इंटरमीडिएट परीक्षेत 'अ' श्रेणी मिळविलेल्या विद्यार्थिनीचे काम सर्वांत नीटस होते. प्रमाण अचूक, छायाप्रकाश उत्तम. तिचे तिन्ही कागद जवळजवळ सारखेच आले. गवंडीकाम करणाऱ्या घरातील एका मुलाचा पहिला कागद पाहण्यासारखा नव्हता. दुसऱ्यावर त्याने बाण काढले, खोडले, पुन्हा काढले. तिसऱ्यावर भिंत जवळजवळ नव्हतीच. पाणी दुभंगल्यानंतर त्याचा भोवरा देवळाच्या कोपऱ्यापाशी कोठे फिरेल आणि तेथल्या दगडांचे सांधे कसे सुटतील, एवढेच त्याने काढले होते, आणि कडेला लिहिले होते की घाटावर कपडे धुणाऱ्या बायकांना पाणी कोठे ओढते ते विचारून मगच नक्की सांगता येईल.

गुण द्यावयाचे होते. ठरलेल्या निकषांत स्वच्छता, प्रमाणबद्धता, पूर्णता आणि मुदतीत सादरीकरण असे चार भाग होते. त्यांनुसार विद्यार्थिनीला वीसपैकी सतरा आणि मुलाला नऊ येत होते. सहकारी प्राध्यापकांचे म्हणणे पडले की निकष आधी जाहीर केले आहेत, ते आता बदलणे हा तिच्यावर अन्याय होईल. ते म्हणणे खोडता आले नाही, म्हणून गुण तसेच ठेवले. पुढील सत्रासाठी मात्र अंतिम कागदाला निम्मे गुण आणि पहिल्या व शेवटच्या कागदातील फरकाला, खोडलेल्या रेषांसकट, निम्मे गुण असा प्रस्ताव तयार केला आहे. बहिःस्थ परीक्षकाकडे केवळ अंतिम कागद जातो, तेव्हा खोडलेल्या रेषा त्याला कशा दाखवावयाच्या, याचे उत्तर अद्याप सापडलेले नाही. वापरणाऱ्याला विचारून आल्याबद्दल गुण द्यावेत काय, आणि ते देताना त्याने खरोखर विचारले याची पडताळणी कोणी करावी, हाही मुद्दा विभागाच्या बैठकीत अनिर्णित राहिला. सत्र पंधरा आठवड्यांचे असते. तो मुलगा पावसाळ्यात, पाणी चढल्यावर, घाटावर पुन्हा जाऊन आला आणि चौथा कागद घेऊन आला. तोपर्यंत गुणपत्रके विद्यापीठाकडे गेली होती.